गल्लीतला बिबट्या खरा की खोटा? व्हीएफएक्सच्या कामात शिकलेल्या सात गोष्टी

अमरावतीच्या कुठल्याही फॅमिली ग्रुपवर अधूनमधून एक व्हिडिओ येतोच. रात्रीची गल्ली, खांबावरचा एकच दिवा आणि भिंतीच्या कडेने शांतपणे चालत जाणारा बिबट्या. खाली मेसेज असतो, "आपल्याच भागातला आहे, पोरांना बाहेर पाठवू नका, सर्वांना फॉरवर्ड करा."

आता गंमत अशी आहे की अमरावतीत हे पटकन खोटं म्हणता येत नाही. शहराला लागूनच वडाळी-पोहऱ्याचं जंगल आहे आणि विद्यापीठाच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या खरोखर आलेल्या आहेत. म्हणजे बिबट्या येऊ शकतो. प्रश्न एवढाच उरतो, की या व्हिडिओतला बिबट्या त्या गल्लीत होता की नंतर कोणी तिथे आणून ठेवला?

मी मूळची अकोल्याची. इंजिनिअरिंग अमरावतीत केलं आणि त्यानंतर मुंबईच्या एका स्टुडिओत अडीच वर्षं व्हीएफएक्सचं काम केलं. आधी रोटो, मग कंपोझिटिंग. आता मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण त्या अडीच वर्षांत डोळ्याला जी सवय लागली, ती रोज मोबाइल हातात घेतल्यावर कामी येते. आज तीच सवय तुम्हाला सांगते. आपण उदाहरणही तेच घेऊया. समजा एका सिनेमासाठी दिग्दर्शकाने सांगितलं, "रिकाम्या गल्लीचा शॉट आहे, त्यात बिबट्या हवा." आता काय काय करावं लागेल?

आधी एक व्याख्या. कॅमेऱ्याने शूट केलेल्या दृश्यात नंतर काही घालणं, काढणं किंवा बदलणं म्हणजे व्हीएफएक्स. बिबट्या कॉम्प्युटरवर तयार करणं हा त्यातला एक भाग. तो बिबट्या त्या गल्लीतलाच वाटला पाहिजे, हा दुसरा भाग. वेळ आणि मेहनत जास्त जाते ती या दुसऱ्या भागात.

१. सगळं कडेवर ठरतं

कुठलीही वस्तू दुसऱ्या चित्रात बसवायची तर आधी ती कापून घ्यावी लागते. फ्रेममधल्या प्रत्येक पिक्सेलला आपण एक आकडा देतो, शून्य ते एक. एक म्हणजे पूर्ण बिबट्या, शून्य म्हणजे पूर्ण पार्श्वभूमी. या आकड्याला अल्फा म्हणतात. पोटाच्या मधल्या पिक्सेलला एक, भिंतीला शून्य, इथपर्यंत सोपं आहे. खरी परीक्षा कडेवर होते.

कानावरचा एक बारीक केस घ्या. तो पिक्सेलपेक्षाही बारीक असतो. म्हणजे त्या पिक्सेलमध्ये ३० टक्के केस आणि ७० टक्के मागची भिंत असते. अल्फा झाला ०.३. केसाची लाल रंगाची किंमत २०० आणि भिंतीची १०० असेल, तर हिशेब असा: ०.३ गुणिले २०० म्हणजे ६०, ०.७ गुणिले १०० म्हणजे ७०, बेरीज १३०. झालं कंपोझिटिंग! थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी १९८४ मध्ये हे गणित नीट मांडलं आणि आजही प्रत्येक एडिटिंग ॲप आतून हेच करतं.

जिथे हा अल्फा चुकतो, तिथे कडेला काळी किंवा पांढरी रेघ दिसते, नाहीतर केस कात्रीने कापल्यासारखे वाटतात. तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोड काढून बघा. कानाजवळ, चष्म्याच्या काडीजवळ आणि मोकळ्या केसांजवळ फोन गडबडतो, कारण तिथे "हे माणसात धरू की मागच्या चित्रात" हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं.

स्टुडिओत हे कापण्याचं काम हाताने होतं, त्याला रोटो म्हणतात. रोटोस्कोपचं पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळालं, म्हणजे ही कला शंभर वर्षांहून जुनी आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. नवीन माणूस अख्ख्या शरीराभोवती एकच आकार काढतो आणि मग प्रत्येक फ्रेममध्ये तो ओढत बसतो. अनुभवी माणूस शरीराचे तुकडे पाडतो. डोकं वेगळं, धड वेगळं, दंड वेगळा, मनगटापर्यंतचा हात वेगळा, पंजा वेगळा. आणि चाल जिथे दिशा बदलते तिथेच खुणेची फ्रेम ठेवतो, मधलं काम सॉफ्टवेअर भरून काढतं. मोठं काम कुठे तोडायचं हे कळलं की अर्धं काम झालं, हे मी कोड लिहिताना शिकण्याआधी रोटोत शिकले.

२. हिरवा पडदा हिरवाच का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पहिलं कारण, माणसाच्या त्वचेत हिरवा रंग कमी असतो, त्यामुळे वेगळा काढणं सोपं. दुसरं कारण तुमच्या फोनच्या आत आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगांच्या बारीक चौकटींची जाळी असते. कोडॅक कंपनीतले ब्राइस बेयर यांनी ती शोधली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्या जाळीत दर चार चौकटींमागे दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी असते. म्हणजे कॅमेरा हिरव्या रंगाची माहिती दुप्पट गोळा करतो. म्हणून हिरव्याची कड जास्त स्वच्छ मिळते.

तुम्हाला घरी करायचं असेल तर कापड दुकानातलं साधं हिरवं कापड चालतं, फक्त चकाकणारं नको. दोन गोष्टी पाळा. कापडावर सुरकुती नको आणि उजेड सगळीकडे सारखा हवा. आणि माणूस कापडापासून निदान पाच-सहा फूट पुढे उभा करा. चिकटून उभा राहिला तर कापडाचा हिरवा उजेड त्याच्या गालावर आणि मानेवर सांडतो, मग पार्श्वभूमी बदलली तरी चेहरा आजारी दिसतो. कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा चालेल, पण हिरवी साडी नेसून हिरव्या पडद्यापुढे उभं राहिलात तर नुसतं डोकं आणि हात हवेत फिरतील!

३. उजेड खोटं बोलत नाही

बिबट्या कापला, गल्लीत ठेवला. तरी तो स्टिकरसारखा दिसतो. कारण त्याच्या अंगावरचा उजेड त्या गल्लीतला नाही.

या धड्यासाठी वऱ्हाडासारखी दुसरी शाळा नाही. अकोला आणि अमरावती साधारण २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान खांबाची सावली खांबाच्या पायाशीच गोळा होते. आता कोणी "अकोल्यात मे महिन्याच्या भर दुपारी दिसलेला बिबट्या" म्हणून व्हिडिओ पाठवला आणि त्यात बिबट्याची सावली लांबच लांब पडलेली असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही.

सावलीची कडही बघा. सूर्य आपल्याला आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, तो बिंदू नाही. म्हणून सावलीची कड थोडी धूसर असते. वस्तू जमिनीपासून एक मीटर उंच असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर ही धूसर पट्टी साधारण ९ मिलिमीटर रुंद येते. वस्तू जमिनीला टेकलेली असेल तर कड अगदी धारदार. म्हणजे बिबट्याच्या पंजाची सावली धारदार आणि पाठीची सावली जरा मऊ हवी. श्रावणातल्या ढगाळ दिवशी सगळं आभाळच दिव्यासारखं उजेड देतं, तेव्हा सावलीची कड जवळजवळ नाहीशी होते.

आणि सगळ्यात महत्त्वाची सावली बारीक असते. वस्तू जमिनीला जिथे टेकते, तिथे एक अरुंद काळी रेघ असते, कारण त्या फटीत उजेड पोचतच नाही. टेबलावर चहाचा कप ठेवून बुडाशी बघा. ही रेघ नसली की वस्तू जमिनीपासून अर्धा इंच वर तरंगते असं वाटतं. का वाटतं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण खटकतं.

सेटवर व्हीएफएक्सची टीम एक चकचकीत गोळा आणि एक करडा गोळा घेऊन फिरते. चकचकीत गोळ्यात चारही बाजूंचे दिवे दिसतात, करड्या गोळ्यावर उजेड किती मऊ आहे ते कळतं. घरी हेच काम स्टीलचा गोल तांब्या करतो. गच्चीवर ठेवा, जवळून फोटो काढा. सूर्य कुठे आहे, कोणत्या भिंतीवरून उजेड परत येतोय, सगळं त्यात उमटलेलं असतं.

४. काळा रंग किती काळा?

चिखलदऱ्याला गेला असाल तर एकदा पॉइंटवर उभं राहून डोंगरांच्या रांगा नीट बघा. जवळच्या झाडाची सावली गडद काळी दिसते. पुढच्या डोंगरातली सावली राखाडी. त्याच्या पुढची निळसर. सगळ्यात मागची रांग आभाळात विरघळल्यासारखी. मधल्या हवेतली धूळ आणि ओलावा उजेड पसरवतो आणि तो उजेड काळ्या भागावर चढतो. अंतर वाढतं तसा काळा रंग फिका होत जातो.

म्हणून कंपोझिटरचं एक ठरलेलं काम असतं. आपली वस्तू ज्या अंतरावर ठेवायची, त्या अंतरावरच्या खऱ्या वस्तूचा सगळ्यात काळा पिक्सेल किती आहे ते मोजायचं आणि आपल्या वस्तूचा काळा रंग तेवढाच उचलायचा. बिबट्या पन्नास मीटर दूर आणि त्याचे ठिपके मात्र समोरच्या दारातल्या सावलीपेक्षा काळे, असं दिसलं की काहीतरी चुकलंय समजा.

यातच एक गणिताची गोष्ट आहे. फोनमधले ० ते २५५ हे आकडे उजेडाशी सरळ प्रमाणात नसतात. उजेडाचा १८ टक्के भाग परत पाठवणारा करडा कागद फोटोत ४६ नाही तर ११८ च्या आसपास येतो, कारण डोळ्याला सोयीचं व्हावं म्हणून आकडे वाकवलेले असतात. दोन दिव्यांचा उजेड एकत्र करायचा तर आधी हे वाकवलेले आकडे सरळ करावे लागतात, मग बेरीज, मग पुन्हा वाकवायचे. वर अल्फाचा जो हिशेब केला तोही असाच सरळ आकड्यांवर केला तर कड नैसर्गिक येते. हे ज्याला माहीत नाही, त्याची आग आणि दिवे कायम मळकट दिसतात.

५. कॅमेरा हलला की सगळ्यांनी हललं पाहिजे

बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वेने जाताना खिडकीतून बघा. रुळाजवळचे खांब सपासप मागे जातात, पऱ्हाटीची शेतं सावकाश सरकतात आणि क्षितिजावरची झाडं जवळजवळ आपल्या सोबतच चालतात. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या या फरकाला पॅरलॅक्स म्हणतात. सॉफ्टवेअर याच फरकावरून कॅमेरा कुठे होता आणि कसा हलला हे शोधून काढतं. या कामाला मॅचमूव्ह म्हणतात.

ब्लेंडरमध्ये हे फुकट करता येतं. त्यासाठी शॉटमधले किमान आठ ठिपके धरावे लागतात, जे पूर्णवेळ एकाच जागी चिकटून राहतात. भिंतीचा कोपरा, दगडावरचा डाग, फरशीची सांध चालते. हलणारं पान, गाडीच्या काचेवरची चमक चालत नाही. पानाला वारा हलवतो आणि चमक तर कॅमेऱ्याबरोबरच सरकते.

फोनवाल्यांसाठी खास सूचना: असा शॉट घेताना व्हिडिओ स्टॅबिलायझेशन बंद करा. चालू असेल तर फोन प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने थोडी कापतो आणि सरकवतो, त्यामुळे कॅमेऱ्याची खरी हालचाल सापडत नाही. फोकस आणि एक्स्पोजरही स्क्रीनवर बोट दाबून धरून लॉक करा.

खोट्या व्हिडिओत हे असं पकडता येतं. कॅमेरा हलताना बिबट्याचे टेकलेले पंजे जमिनीवरच्या एखाद्या खड्ड्याशी किंवा सांधेशी जुळून राहतात का? पंजा जमिनीवर घसरत असेल, तर तो त्या जमिनीवर नाहीच. घरच्या मांजरीला चालताना पाहिलं असेल, मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्या पावलाच्या जागीच पडतो. बिबट्याही मांजरीच्याच कुळातला.

६. हालचालीची एक रेघ असते

सिनेमाचा कॅमेरा साधारणपणे प्रत्येक फ्रेमसाठी सेकंदाचा ४८ वा भाग उघडा राहतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी बाइक सेकंदाला दहा मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात ती सुमारे २० सेंटिमीटर पुढे सरकते. तेवढी ती फ्रेममध्ये पुसट होते. याला मोशन ब्लर म्हणतात.

फोन मात्र भर उन्हात शटर खूप छोटं करतो. सेकंदाचा २००० वा भाग धरला, तर तीच बाइक फक्त ५ मिलिमीटर सरकते आणि अगदी लख्ख दिसते. रात्री उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं आणि पुसटपणा जास्त. तेव्हा तपासायचं असं, की त्याच फ्रेममध्ये बाजूने जाणारी बाइक किंवा पळणारं कुत्रं किती पुसट आहे आणि बिबट्या किती? दोघांचा वेग सारखा आणि पुसटपणा वेगळा, असं होत नाही.

फ्रेम आणि वेळ यांचा हा खेळ आपल्या मातीत फार जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत बी लावून रोपाच्या वाढीची एकेक फ्रेम घेतली होती आणि ती सलग दाखवून रोप डोळ्यांदेखत उगवताना दाखवलं होतं. सिनेमासाठी पैसे उभे करताना ही छोटी फिल्म त्यांच्या कामी आली. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. आज तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्स म्हणून जे बटण आहे, ते हेच. एका भांड्यात मूग भिजवून मोड येताना शूट करून बघा, फ्रेम म्हणजे काय ते अंगात भिनेल.

७. दाणा जुळवा आणि नाव नीट ठेवा

प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक किरकिर असते, विशेषतः रात्री. सेन्सरला उजेड कमी मिळाला की ती वाढते. कॉम्प्युटरवर केलेला बिबट्या मात्र गुळगुळीत असतो. म्हणून शेवटी त्याच्यावर त्या शॉटमधल्यासारखाच दाणा घालावा लागतो, प्रत्येक फ्रेमला नवा.

पण एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून छोटा केलेला असतो. दोन-चारदा फॉरवर्ड, स्क्रीन रेकॉर्डिंग, पुन्हा फॉरवर्ड झालं की दाणाही जातो आणि कडेची रेघही. धूसर क्लिप बघून लोक म्हणतात, "घाईत काढलाय, म्हणून खरा असेल." व्हीएफएक्सवाला उलट विचार करतो. पुरावे पुसायला धूसरपणासारखी सोय नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा, "मूळ व्हिडिओ कोणाकडे आहे?"

नाव ठेवण्याची गोष्ट रटाळ वाटेल, पण ती मला पगाराइतकीच उपयोगी पडली. स्टुडिओत फाइलचं नाव "फायनल" कधीच नसतं. शॉटचा क्रमांक, कामाचा प्रकार, व्ही ००१, व्ही ००२, असं चालतं. एकाच शॉटवर दहा लोक काम करतात आणि अभिप्राय येतो तो "व्ही ०१४ मध्ये फ्रेम १०३७ ला डाव्या कानाची कड" इतका नेमका. कामावर टीका झाली की ती फ्रेमवर झालेली असते, आपल्यावर नाही, हे तिथे पहिल्या महिन्यात समजतं.

मग फॉरवर्ड आला की काय बघायचं?

वरच्या गोष्टी लक्षात ठेवून एक मिनिट द्या. व्हिडिओ थांबवा, बोटांनी मोठा करा आणि बघा:

कड: केसांभोवती रेघ किंवा लुकलुक आहे का?

सावली: गल्लीतल्या इतर सावल्या आणि बिबट्याची सावली एकाच दिशेला आहे का? रात्री तो दिव्याखालून जाताना आधी मागे असलेली सावली पुढे यायला हवी.

डोळे: बिबट्याचे डोळे चमकतात ते उजेडाचा स्रोत कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर, म्हणजे टॉर्च किंवा गाडीचा हेडलाइट. तसं काही नसताना डोळे जळत असतील तर संशय घ्या.

पंजे: जमिनीवर घसरतात का?

आता एआयने अख्खा व्हिडिओच तयार केला असेल, तर त्यात कापलेली कड नसतेच, कारण गल्ली आणि बिबट्या एकत्रच बनलेले असतात. तिथे सातत्य तपासा. भिंतीमागे जाऊन परत आलेल्या बिबट्याच्या अंगावरचे ठिपके तेच आहेत का? मागच्या दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं वाचता येतात का, की नुसती वेलबुट्टी आहे? ही साधनं दर काही महिन्यांनी सुधारतात, त्यामुळे डोळ्यावरच सगळा भार टाकू नका. एक फ्रेम गूगल लेन्समध्ये टाका, तोच व्हिडिओ दुसऱ्या शहराच्या नावाने फिरतोय का बघा.

आणि खरंच बिबट्या दिसला असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, ग्रुपवर नंतर टाका. खोट्या क्लिपमुळे गर्दी जमते, काठ्या निघतात, वनविभागाची माणसं चुकीच्या जागी धावतात. लोकांत घबराट पसरावी म्हणून खोटी माहिती पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हाही आहे. गंमत म्हणून बनवणाऱ्या पोट्ट्यांनी हे लक्षात घ्यावं.

"ताई, मग व्हीएफएक्सचा कोर्स करू का?"

गावाकडे गेले की हा प्रश्न येतोच. कोर्सची फी मोठी असते आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा सोयाबीनच्या किंवा तुरीच्या पैशातून, नाहीतर कर्जातून जाते. म्हणून स्पष्ट सांगते.

'लाइफ ऑफ पाय' सिनेमातला वाघ आठवतो? बहुतेक शॉटमध्ये तो कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने तो केला, आणि मुंबई व हैदराबादमध्येही त्यांचे स्टुडिओ होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कामाला ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात त्या स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला आणि बंगळूरमधलं त्यांचं काम थांबलं, एका झटक्यात लोक घरी आले. दुसरीकडे मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी हातमिळवणी केली आणि त्या डीनेगच्या नावावर 'इंटरस्टेलर'पासून अनेक ऑस्कर आहेत. म्हणजे या क्षेत्रात मोठं काम आहे आणि मोठी अनिश्चितताही आहे. दोन्ही धरून चला.

दुसरी गोष्ट, भारतात नव्या मुलांना पहिली नोकरी बहुतेक रोटो, पेंट किंवा मॅचमूव्हमध्ये मिळते. जाहिरातीत ड्रॅगन असतो, पहिल्या दिवशी टेबलावर कोणाच्या तरी केसांची कड असते. आणि हीच पहिली पायरी आता एआयमुळे हलतेय. मेटाचं सॅम २ हे मॉडेल २०२४ मध्ये आलं. व्हिडिओतल्या वस्तूवर एकदा क्लिक केलं की ते पुढच्या फ्रेममध्येही ती वस्तू धरत जातं. केस आणि पुसट कडा अजून माणसालाच सांभाळाव्या लागतात, पण सरळ कामाचे तास कमी होणार हे उघड आहे. फक्त एका सॉफ्टवेअरची बटणं शिकवणाऱ्या कोर्सवर पैसे घालणं म्हणूनच जोखमीचं आहे.

फी भरण्याआधी संस्थेला हे विचारा: मागच्या बॅचच्या मुलांचे शॉट दाखवा, त्यात त्या मुलाने नेमकं काय केलं ते सांगा. शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या शॉटवर काम केलंय? मध्येच सोडलं तर फी परत किती? नोकरीची हमी असेल तर ती कागदावर काय लिहिली आहे? उत्तरं गोलमाल आली तर घरी या.

त्याआधी तीन महिने फुकटात स्वतःला तपासा. ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं चालतं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा ॲनिमेशनपट ब्लेंडरवरच बनलाय. कंपोझिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन आहे. लॅपटॉप नसेल तर काइनमास्टरमध्ये हिरवा पडदा काढायची सोय आहे, तिथून सुरुवात करा.

पहिल्या महिन्यात गच्चीवर एक माठ ठेवून सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सहाला त्याचे फोटो काढा, सावली बघा. दुसऱ्या महिन्यात पाच सेकंदांचा हलता शॉट घ्या आणि त्यात नसलेला माठ ठेवून दाखवा. तिसऱ्या महिन्यात त्याच शॉटमधून खरी बादली गायब करा. मग तो व्हिडिओ घरच्यांना दाखवा आणि विचारा, यात खोटं काय आहे?

हे करताना कंटाळा आला तर वाईट वाटून घेऊ नका, फी वाचली. आणि रात्री दोनला एका कडेसाठी जागे असाल आणि तरी मजा येत असेल, तर तुम्ही या कामासाठी बनलेले आहात. इंजिनिअरिंगची पोरं असाल तर एक वेगळी वाटही आहे. मोठ्या स्टुडिओत कलाकारांसाठी पायथॉनमध्ये साधनं लिहिणारे लोक लागतात. तिथे कोड येतो आणि कडही कळते, अशा माणसाला किंमत आहे.